उतारवयातील गोतावळा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



एखाद्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा तिच्या स्थापनेच्या वेळी जे पंचविशी-तिशीत होते, ते पंचाहत्तरी ओलांडून गेलेले असतात. वास्तूचा महोत्सव होतो, जीर्णोद्धार होतो, शिखराला नवा रंग लागतो. परंतु ज्यांनी त्या वास्तूसाठी दारोदार वर्गणी गोळा केली, त्यांचे दिवस आज कसे जातात, त्यांच्याकडे कोण येते-जाते, रात्री-अपरात्री त्यांनी हाक मारली तर ओ कोण देते, हे संस्थेच्या कोणत्याही अहवालात येत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे. वृद्धांचे आजार, त्यांची औषधे, त्यांच्या ठेवींवरील व्याज यांविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यांच्या गोतावळ्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही, कारण तो असतोच असे आपण गृहीत धरतो.

प्रथम थोडे आकडे पाहणे आवश्यक आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. याचा अर्थ त्या काळी माणसे बत्तिसाव्या वर्षी म्हातारी होऊन मरत असत, असा नव्हे. बालमृत्यूंचे प्रमाण भयंकर असल्यामुळे सरासरी खाली येत असे. तथापि साठी ओलांडणाऱ्यांची संख्या पुष्कळच वाढली, हे खरे. 2011 च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोक 10 कोटींहून अधिक भरले. त्याच जनगणनेत जैनांची संख्या 44 लाख 51 हजारांच्या आसपास असून त्यांपैकी सुमारे 14 लाख महाराष्ट्रातील होते. पुढे 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जैन स्त्रियांचा जननदर 1.6 इतका आढळला. लोकसंख्या आहे तितकी टिकण्यास तो 2.1 असावा लागतो. आकड्यांची भाषा सोडून सांगायचे तर, घरात दोन मुले, कित्येकदा एकच. त्यातला मुलगा पुण्यात वा बंगळुरूत आणि मुलगी न्यू जर्सीत. सात भावंडांच्या जुन्या वाड्यात म्हाताऱ्याला तांब्याभर पाणी देणारे कोणी ना कोणी असे. ते प्रेमानेच देई असे नाही, पण माणूस असे.

जुन्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गाण्याची प्रथा अशा व्यासपीठांवर आहे. ती येथे पाळण्याचे कारण नाही. त्याच वाड्याच्या माजघरात ऐन तारुण्यात विधवा झालेली एखादी आत्या आयुष्यभर इतरांची बाळंतपणे काढीत असे आणि तिला काय हवे, हे विचारण्याची पद्धत नव्हती. तेव्हा मागे वळण्याचा प्रश्न नाही. कुटुंब लहान झाले आहे आणि ते लहानच राहणार, हे धरून पुढचा विचार करावयाचा आहे.

आपला समाज प्रामुख्याने व्यापारी. व्यापाऱ्याचे वार्धक्य हे नोकरदाराच्या वार्धक्याहून वेगळे असते. नोकरदार अठ्ठावन्न वा साठाव्या वर्षी निरोपाचा नारळ घेऊन घरी येतो. तो दिवस त्याला वर्षभर आधी ठाऊक असतो. व्यापारी निवृत्त होतच नाही, त्याला हळूहळू बाजूला केले जाते आणि पुष्कळदा ते कोणाच्या मनातही नसते. कापडाच्या दुकानाचे उदाहरण घ्यावे. पूर्वीचे दुकान म्हणजे पांढरी गादी, तक्के, भिंतीला लावलेले ताके, हाताशी लोखंडी गज आणि कोपऱ्यात मुनीमजी. सकाळी दुकान उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत शे-पन्नास माणसे त्या गादीवर टेकून जात. सगळेच गिऱ्हाईक नसे. कोणी बाजारचा भाव विचारायला येई, कोणी बस चुकली म्हणून, कोणी सोयरिकीचे बोलणे काढायला. लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यावरून पंधरा माणसांचे कुटुंब आले म्हणजे अर्धा दिवस जाई. चहा होई, नवऱ्या मुलीच्या आजीचे लुगडेही याच दुकानातून गेले होते याची आठवण निघे, आणि उधारीच्या वहीवर खानदानाच्या तीन पिढ्या सापडत. त्या गादीवर बसलेल्या माणसाला आपण समाजात मिसळतो आहोत, असे कधी वाटलेही नसेल. तो धंदाच करीत होता. पण धंद्याच्या निमित्ताने त्याच्याभोवती माणसांचे जे जाळे विणले गेले, ते कोणत्याही क्लबात मिळाले नसते.

पुढे दुकानाचे नूतनीकरण होते. गादी जाऊन काउंटर येतो, काच येते, वातानुकूलन येते, बिले संगणकावर निघू लागतात. मुलगा कर्तबगार असतो आणि आदरानेच म्हणतो, “बापूजी, आता तुम्ही आराम करा.” 2017 साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा तर अनेक पेढ्यांवरील ज्येष्ठांनी आपण होऊनच वही खाली ठेवली, नवी विवरणपत्रे त्यांच्या आवाक्यातली नव्हती. उत्पन्नात काही कमी पडत नाही. घरात खोली स्वतंत्र, औषधे वेळेवर. पण दिवसाला शे-पन्नास माणसे भेटत होती, ती एकदम तीनवर येतात: पत्नी, सून आणि दूरदर्शनवर बातम्या देणारा माणूस. आणि तिसरा तर काही ऐकून घेत नाही. व्यापारातील यंत्रसामग्रीवर दरवर्षी घसारा लावला जातो. माणसांच्या ओळखींवरही तो लागत असतो, फक्त त्याची नोंद होत नाही. दर वर्षी एक-दोन जुने स्नेही जातात, एखादा मुलाकडे मुंबईला राहायला जातो, एखाद्याला ऐकू येईनासे होते. नवी भर पडत नसेल तर पंधरा वर्षांत शिल्लक शून्यावर येते.

हे केवळ हळवेपणाचे बोलणे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अलामेडा नावाचा जिल्हा आहे. तेथील 6,928 प्रौढ माणसांची 1965 मध्ये तपशीलवार पाहणी झाली आणि पुढील नऊ वर्षे त्यांच्यापैकी कोण हयात राहिले याची नोंद ठेवण्यात आली. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम या संशोधकांनी 1979 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विवाह, नातेवाईक व मित्र, धर्मस्थान आणि इतर संस्था-मंडळे या चार प्रकारच्या संबंधांची त्यांनी मोजदाद केली होती. ज्यांचे संबंध सर्वांत कमी होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त संबंध असणाऱ्यांच्या तुलनेत पुरुषांमध्ये 2.3 पट आणि स्त्रियांमध्ये 2.8 पट आढळले. येथे चाणाक्ष श्रोता विचारील की, आजारी माणूसच घराबाहेर पडत नाही, मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? शंका रास्त आहे. संशोधकांनी आरंभीची प्रकृती, धूम्रपान, मद्यपान, आर्थिक स्थिती इत्यादी बाबी वजा करून पाहिल्या, तरीही फरक शिल्लक राहिला. पुढे 2010 मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 148 अभ्यासांचा, म्हणजे तीन लाखांहून अधिक माणसांच्या नोंदींचा, एकत्र विचार केला आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने 30 जून 2025 रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील दर सहा माणसांत एक एकाकी असल्याचे नमूद केले असून, एकाकीपणाशी निगडित मृत्यूंचा अंदाज वर्षाला 8 लाख 71 हजार असा दिला आहे. ब्रिटनने 2018 मध्ये आणि जपानने 2021 मध्ये या प्रश्नासाठी मंत्री नेमले. एके काळी ज्याला घरगुती दुःख म्हणत, ते आता सरकार दरबारी पोहोचले आहे.

या विषयातील एक जुनी कल्पना आपल्या परंपरेला विशेष जवळची वाटेल. रॉबर्ट कान आणि टोनी अँटोनुची या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी 1980 मध्ये असे मांडले की, माणूस आयुष्याचा प्रवास एकट्याने करीत नाही, तो एका तांड्याबरोबर चालत असतो. तांड्यातील काही माणसे अगदी निकट चालतात, काही थोडी दूर, काही कडेला. वाटेत कोणी गळते, कोणी नव्याने येऊन मिळते. त्यांनी वापरलेल्या इंग्रजी शब्दाला प्राकृत-संस्कृत वाङ्मयात ‘सार्थ’ हा नेमका शब्द आहे. व्यापाऱ्यांचा सार्थ निघे आणि त्याचा नायक तो सार्थवाह. भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवाची श्वेतांबर परंपरेतील कथा धन सार्थवाहापासूनच सुरू होते. दूरच्या प्रवासाला निघताना, ज्याला यावयाचे असेल त्याने यावे, वाटखर्च नसेल त्याला तो दिला जाईल, अशी दवंडी त्याने पिटविली होती. आजच्या पेढ्यांवर बसणारे आपण त्या सार्थवाहांचेच वंशज म्हणवितो.

त्या अभ्यासकांनी तांड्याकडून माणसाला मिळणाऱ्या आधाराचे तीन प्रकार मानले. मराठीत त्यांना माया, मान आणि मदत म्हणता येईल. आपल्या समाजात मदतीला तोटा नाही. रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी एका फोनवर पैसे उभे राहतात. मायाही बहुतेक घरांत असते, दाखविता येत नाही इतकेच. वार्धक्यात सर्वांत आधी आटतो तो मान. आणि मान याचा अर्थ व्यासपीठावर शाल-श्रीफळ नव्हे. आपल्या मताने कोठेतरी काही ठरते, आपल्यावाचून कोणाचे तरी थोडे अडते, ही जाणीव म्हणजे मान. म्हणूनच जेव्हा मुले म्हणतात की आम्ही त्यांना काहीच करू देत नाही, तेव्हा ते कौतुकाने सांगत असले तरी ती चांगली बातमी नसते. वडिलांना रोज सकाळी तासभर दुकानात बसवावे. जुन्या गिऱ्हाइकांचे बस्ते त्यांच्याच हातून बांधून घ्यावेत. विक्री दोन हजारांनी कमी झाली तरी हा व्यवहार फायद्याचा आहे.

पुरुष आणि स्त्री यांच्या वार्धक्यातही फरक आहे. पुरुषाच्या ओळखी धंद्यातल्या. घराण्याचे नातेसंबंध मात्र पत्नी सांभाळीत असते. कोणाच्या घरी आहेर किती करावयाचा, कोणाची मुलगी माहेरपणाला आली आहे, कोणाकडे पारण्याला जायचे राहिले, हा सगळा हिशेब तिच्या डोक्यात असतो. ती आधी गेली म्हणजे पतीच्या ध्यानात येते की नातेवाइकांशी आपले बोलणे गेली चाळीस वर्षे तिच्यामार्फतच होत होते. उलट, वृद्ध विधवेजवळ माणसे अधिक असतात, पण पैशांवर तिचा हात क्वचितच चालतो. बँकेत खाते तिच्या नावे, एटीएमचे कार्ड मुलाच्या खिशात. एखाद्या मैत्रिणीकडे जाण्यासाठी रिक्षाचे भाडे मागावे लागत असेल, तर ती जाणेच सोडून देते. या बाबतीत घराघरांत थोडी चौकशी होणे इष्ट आहे. महिला मंडळाच्या कार्यकर्त्यांना ती अधिक चांगली करता येईल.

मैत्री टिकविण्यासाठी काहीतरी निमित्त लागते. नुसते ‘या कधीतरी’ म्हटल्याने कोणी येत नाही. जपानच्या दक्षिणेस ओकिनावा नावाची बेटे आहेत. दीर्घायुषी लोकांचा प्रदेश म्हणून त्यांची ख्याती झाली. तेथे ‘मोआई’ नावाची एक प्रथा आहे. ठरावीक माणसे दरमहा एकत्र जमतात, प्रत्येक जण ठरलेली रक्कम टाकतो आणि जमलेली रक्कम पाळीपाळीने एकेकाला मिळते. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू येणे साहजिक आहे, कारण ही तर आपली भिशी! बँका नव्हत्या वा दारात उभे करीत नव्हत्या, तेव्हा गरजेपोटी निर्माण झालेली ही व्यवस्था. ओकिनावात काळाच्या ओघात पैशाचे महत्त्व कमी झाले आणि भेटीचे वाढले. काही गट पन्नास-पन्नास वर्षे टिकले. एखादा सभासद आला नाही तर बाकीचे त्याच्या घरी जाऊन पाहतात. या पद्धतीची ताकद कशात आहे, ते व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. रक्कम लहान असली तरी ती देणे असते, आणि देणे चुकवायचे नाही ही शिस्त आपल्या रक्तात आहे. ज्येष्ठांसाठी दोनशे रुपयांची भिशी सुरू करावी. पाच हजारांची मुळीच करू नये. रक्कम मोठी झाली की मैत्रीत वसुली शिरते, आणि भिशी बुडाली म्हणजे तिच्याबरोबर चार घरांचे बोलणेही बुडते, हे बाजारपेठेने पाहिलेले आहे. शिवाय त्यात एखाद-दुसरा पन्नाशीतला सभासद अवश्य घ्यावा. सगळेच ऐंशीचे असतील तर गट पाच वर्षांत आपोआप बरखास्त होईल. याच कारणासाठी सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर, ज्येष्ठ नागरिक संघात वा हास्यक्लबात जाणाऱ्यांनी आपल्या जातीबाहेरच्या, धंद्याबाहेरच्या माणसांशीही ओळख वाढवावी. हास्यक्लबाची चळवळ 1995 मध्ये मुंबईतील एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांनिशी सुरू केली होती. त्या हसण्याने किती रोग बरे होतात, हा वादाचा विषय असू शकतो. पण रोज सकाळी सहा वाजता कोणीतरी आपली वाट पाहत आहे, एवढ्यासाठी माणूस अंथरुणातून उठतो हे निर्विवाद आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो येणे योग्यच आहे. आपला धर्म निवृत्तीचा. बारा भावनांमध्ये एकत्व भावना सांगितली आहे: जीव एकटा येतो, एकटा जातो, आपल्या कर्मांचे फळ एकटाच भोगतो. मग उतारवयात गोतावळा वाढविण्याचा उपदेश म्हणजे मोह वाढविण्याचाच उपदेश नव्हे काय?

याचे उत्तर आपल्या आचारधर्मातच आहे. सहा अभ्यंतर तपांमध्ये प्रायश्चित्त आणि विनय यांच्यानंतर लगेच वैयावृत्त्य येते. स्वाध्याय आणि ध्यान त्याच्याही पुढे. ज्याला आपण बोलताना वेयावच्च म्हणतो, ती सेवा म्हणजे परोपकार नव्हे, तर साक्षात तप मानले गेले. ती कोणाची करावी याच्या ज्या दहा प्रकारच्या याद्या आहेत, त्यांत ग्लान म्हणजे आजारी व्यक्ती आहे. आगमातील यादीत स्थविर म्हणजे वृद्ध आणि साधर्मिक यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. ज्यांनी घरदार सोडले, त्या साधु-साध्वींनाही वृद्धत्वी एकटे सोडले जात नाही. विहाराची शक्ती उरली नाही म्हणजे त्यांचा स्थिरवास होतो आणि शिष्य-परिवार व श्रीसंघ त्यांची काळजी वाहतो. याहून मोठा दाखला दिगंबर परंपरेतील भगवती आराधना या ग्रंथात आहे. संलेखना घेतलेल्या क्षपकाच्या सेवेसाठी अठ्ठेचाळीस निर्यापक असावेत, असे विधान त्यात आहे. कोणी त्याला कूस बदलून देणारे, कोणी धर्मकथा सांगणारे, कोणी दाराशी थांबणारे, कोणी रात्री जागणारे. तितके न मिळाल्यास कमी चालतील, पण एकट्यावर हे काम टाकू नये, किमान दोघे असावेत. जो देहाचाही त्याग करावयास निघाला आहे, त्याच्याभोवती अठ्ठेचाळीस माणसे! ज्या आचार्यांनी हे लिहिले त्यांना एकत्व भावना ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल?

एकांत आणि एकाकीपण यांत जो भेद आहे, तो सामायिकाला बसणाऱ्यास सांगायला नको. अठ्ठेचाळीस मिनिटांचे मौन त्याने स्वतः निवडलेले असते. दुपारी दोन ते सहा या वेळात घरात कोणी बोलायलाच नाही, हे त्याने निवडलेले नसते. काही ज्येष्ठांना खरोखरच माणसे कमी हवी असतात. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी असे दाखविले आहे की, पुढचा काळ थोडा उरला आहे याची जाणीव झाली म्हणजे माणूस वरवरच्या ओळखी आपण होऊन कमी करतो आणि निवडक माणसांत रमतो. अशांना ओढून सहलीला नेण्याचा आग्रह धरू नये. त्यांना जी दोन-तीन माणसे हवी आहेत, ती भेटतील एवढे पाहावे.

पर्युषणात क्षमापना होते. वर्षातून एक दिवस तुटलेले सांधण्याची अशी सोय आपल्याला परंपरेनेच दिली. अलीकडे त्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाइलवर तीन-तीनशे संदेश येतात, फुलांची चित्रे येतात, आणि ज्या भावाशी वाटणीवरून वीस वर्षे बोलणे नाही, त्याच्या दाराची पायरी मात्र कोणी चढत नाही. चढायची असल्यास गुडघे शाबूत आहेत तोवर चढावी, यापेक्षा अधिक काय सांगावे? उतारवयात सख्खे भाऊ-बहीण हेच एकमेव असे लोक उरतात, ज्यांनी आपले बालपण पाहिलेले असते.

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे, तर वास्तूविषयीही बोलले पाहिजे. पुष्कळ ज्येष्ठ मंदिरात वा स्थानकात येणे बंद करतात ते श्रद्धा कमी झाली म्हणून नव्हे. पायऱ्यांना कठडा नसतो, खाली बसल्यावर उठता येत नाही, स्वच्छतागृह मागच्या अंगणात असते. जीर्णोद्धाराला लाखो रुपये लागतात, कठड्याला काही हजार. तसेच श्रवणाचे. ऐकू कमी येणारा माणूस प्रथम पंगतीत बसणे टाळतो, मग सभेत, मग फोन घेणे सोडतो. आणि घरचे म्हणतात, हल्ली ते कोणात मिसळत नाहीत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या आणि ज्यांवर उपाय होऊ शकतो अशा 14 गोष्टी सांगितल्या. त्यांत बहिरेपणा आहे आणि समाजापासून तुटलेपण हेही आहे. चष्मा लावण्याची लाज कोणाला वाटत नाही, कानाच्या यंत्राची का वाटावी? ट्रस्टच्या आरोग्य शिबिरात रक्तदाबाबरोबर कानांचीही तपासणी व्हावी.

एकटेपणाचा फायदा घेणारेही टपलेले असतात. पोलीस वा तपास अधिकारी असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली वृद्धांना तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून लुबाडण्याचे प्रकार इतके वाढले की, 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना त्याविषयी बोलावे लागले. अशी अटक कायद्यात अस्तित्वातच नाही. पहिली गोष्ट म्हणजे फोन ठेवावा, आणि 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. पण खरा बचाव असा की, शेजारी हाक मारण्यासारखा कोणी असावा. भामटे सर्वप्रथम कोणाशी बोलू नका असेच सांगतात, ते उगाच नव्हे. कायद्याचे म्हणाल, तर 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे. त्याच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळविता येते. म्हणून बक्षीसपत्र करताना ती अट लिहून घ्यावी. पोटच्या मुलाला अट कशी घालावी, असे अनेकांना वाटते. दुकानाचे भागीदारीपत्र करताना सख्ख्या भावालाही आपण अटी घालतोच, आणि त्यामुळे भाऊबंदकी टळते. ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. तो आकडा दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

आता संस्थेने काय करावे? वृद्धाश्रम बांधण्याची सूचना अशा प्रसंगी हटकून येते. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी त्याची गरज आहेच. परंतु आपल्या गावातील बहुसंख्य ज्येष्ठांना घर आहे, त्यांना तेथेच राहावयाचे आहे. त्यांच्यासाठी इमारत लागत नाही, एक वही लागते. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाचे नाव त्या वहीत असावे: घरात सोबत कोण आहे, डॉक्टर कोण, औषधे कोणती, घराची जादा किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे आहे, आणि रात्री दोन वाजता बोलावले तर येतील अशा तीन जणांची नावे. हा शेवटचा रकाना भरताना अनेकांचे पेन अडखळेल. तीन नावे नसतील तेथे ती उपलब्ध करून देणे हे युवक मंडळाचे काम. पाच घरांमागे एक कार्यकर्ता पुरे. त्याने आठवड्यातून एकदा जावे, पण ‘तब्येत कशी आहे’ हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला प्रश्न कामाचा असावा: जुन्या वहीतली मोडी अक्षरे वाचून देता का, पाठशाळेच्या मुलांना गणित शिकवाल का, आजी, खाकऱ्याचे पीठ कसे भिजवायचे? म्हणून त्या वहीत आणखी एक रकाना ठेवावा आणि त्यात हा माणूस इतरांना काय देऊ शकतो ते लिहावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहावयाचा आहेच. वर्गणीच्या पहिल्या पावत्या कोणाच्या सहीच्या आहेत, ते या यादीतल्याच चार-दोघांना ठाऊक असणार.

पहिल्या पंचवीस घरांची नोंद दोन रविवारांत होण्यासारखी आहे. प्रवचन संपल्यावर लोक चपला शोधीत असतात, तेवढ्या वेळात वही कार्यालयाच्या बाहेर टेबलावर मांडता येईल. पेन तेवढे दोरीने बांधून ठेवावे लागेल.

जय जिनेंद्र.